चालून दाखव

मागच्या जुलैत दादरला पश्चिमेला उतरले आणि पुलाच्या शेवटच्या पायरीवर डाव्या सँडलचा सोल पुढून उघडला. पंधरा दिवस पावसात भिजलं की चिकटवलेलं काही टिकत नाही. स्टेशनबाहेर फूलबाजाराच्या वाटेवर, निळ्या ताडपत्रीखाली, गटई कामाचा एक छोटा स्टॉल आहे. तिथल्या काकांनी माझ्या पायाशी एक जुनी रबरी स्लीपर सरकवली, सँडल हातात घेतली, उलटी केली आणि उघडलेल्या सोलकडे बघायच्या आधी टाचेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "उजवीपण द्या." उजवी बरी आहे म्हटलं, तर "द्या तर खरं." दोन्ही सँडल त्यांनी समोरच्या फळीवर उलट्या ठेवल्या, शेजारी शेजारी. "हे बघा ताई. बाहेरचा कोपरा सगळ्यांचाच थोडा झिजतो. टाच टेकते ती आधी बाहेरच्या कडेवर. तुमची उजवी तशीच आहे. डावी मात्र आतून गेलीय. पाय आत पडतो तुमचा." मी काहीच बोलले नाही. त्यांनी रापीने जुनं सोल्युशन खरवडायला घेतलं. ताडपत्रीवरून पाण्याची धार माझ्या खांद्यावर येत होती, शेजारच्या टोपल्यांतल्या शेवंतीचा ओला, कडवट वास येत होता. "दुखतं का?" त्यांनी मान वर न करता विचारलं. नाही म्हणाले. खरं तर महिनाभरापासून जिना उतरताना डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला काहीतरी ओढल्यासारखं होत होतं, आणि ते मी घरीही कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी मला चालताना पाहिलंसुद्धा नव्हतं.

घरी आल्यावर कपाटाच्या आरशासमोर पाठ करून उभी राहिले. आपली टाच आपल्याला दिसत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. मान वळवून बघायला गेलं की कंबर वळते, कंबर वळली की वजन एका पायावर जातं आणि टाच बदलते. जे बघायचं असतं ते बघता बघताच निसटतं. शेवटी मुलाला फोन दिला आणि म्हटलं, मागे उभा राहा, मी स्वयंपाकघरापर्यंत जाते, तू फक्त पाय घे. वीस सेकंदांचा तो तुकडा मी रात्री सगळे झोपल्यावर पाहिला. उजवं पाऊल पडत होतं, उठत होतं. डावं पडायचं आणि पडलेलंच राहायचं. घोट्याचं हाड आत झुकायचं, टाचेचा तळ बाहेर सरकायचा आणि मागून पाहताना बाहेरच्या बाजूने दोन-तीन बोटं जास्तच दिसायची. मी तो तुकडा पुन्हा लावला, आवाज वाढवून. ठप, घस्स. ठप, घस्स. हे चालणं मला पाठ होतं. ते माझ्या आईचं होतं.

आमची चाळ लालबागला. लाकडी जिना, तिसरा मजला, समोर सामाईक गॅलरी. अशा घरात वाढलेल्या मुलांना माणसं दिसायच्या आधी ऐकू येतात. कोण पहिल्या मजल्यावर थांबणार, कोण वरपर्यंत येणार, कोण चिडून येतंय, कोणाच्या हातात पिशव्या आहेत, हे सगळं जिना सांगायचा. आई महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. ३४ वर्षं फळ्यापुढे उभी राहिली. संध्याकाळी तिची पावलं जिन्यावर वाजायला लागली की आम्ही भावंडं पसारा आवरायला धावायचो. एकसारखी, पाठोपाठ, पाढ्यासारखी पावलं. २००७ च्या सुमाराला त्या आवाजात एक खोट आली. मी तेव्हा लग्न होऊन ठाण्याला राहत होते, रविवारी यायचे. एका रविवारी ती गिरणीतून दळण घेऊन आली आणि मी आतून हाक मारली, "कोण आहे?" आईचं पाऊल मला ओळखू आलं नव्हतं. ती दारात उभी, डब्यावर मूठ टेकवून, आणि मी हसले. दोघीही हसलो. त्यावर पुढे चार वर्षं मी काही केलं नाही. हे लिहिताना हात जड होतो, पण तसंच झालं.

आईने सांगितलं नाही, असं नाही. घोट्याच्या आत दुखतं, संध्याकाळी सुजतं, चप्पल एका बाजूला फिरते, हे ती सांगायची. भाजी निवडताना, दुसऱ्याच कुठल्या विषयाच्या मधे. आमचे नेहमीचे डॉक्टर चांगले होते, आमची तापं-गोवर त्यांच्या हाताखालूनच गेली. त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, वजन कमी करा म्हणाले, दुखलं तर घ्यायची एक गोळी लिहून दिली. वयाचं आहे म्हणाले. तेव्हा ती ५५ वर्षांची होती. प्रत्येक वेळी ती स्टुलावर बसायची, पाय पुढे करायची, साडीचा काठ दोन बोटं वर घ्यायची. बसलेल्या माणसाच्या पायावर वजन नसतं, आणि ज्या पायावर वजन नाही तो पाय असा दोष दाखवतच नाही. कमानसुद्धा जागेवर असल्यासारखी दिसते. चार वर्षांत एकानेही तिला उभं करून मागून पाहिलं नाही. डॉक्टरांनी नाही, आणि मीही नाही.

मागून पाहिलं ते हाजी अलीला. समुद्राकडे तोंड करून असलेली ती केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून तिथे आहे. बसमधून आपण शंभरदा तिच्यावरून जातो. पोलिओ झालेली मुलं, अपघातात पाय गेलेले लोक तिथे जातात, एवढंच आम्हाला ठाऊक. आईच्या शाळेतल्या एका शिपायाने सांगितलं म्हणून २०११ मध्ये, ती निवृत्त झाल्यावर, तिला घेऊन गेले. बाकांवर बसलेल्या लोकांच्या काठ्या, कुबड्या, मांडीवर झोपलेली प्लास्टरमधली बाळं, फिनेलच्या वासाखाली दडलेला चामड्याचा वास. आमच्या वाट्याला एक तरुण फिजिओथेरपिस्ट आली. तिने कागद बाजूला ठेवले आणि म्हणाली, "मावशी, साडी जरा पोटरीपर्यंत वर धरा आणि माझ्याकडे पाठ करून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा."

आई जागची हलली नाही.

मला वाटलं ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तिने साडी घट्ट धरली होती, पण वर उचलली नव्हती, आणि तिचे कान लाल झाले होते. मुलीने काही विचारलं नाही. ती नुसती म्हणाली, "मी पण येते बरोबर," आणि आईचा हात धरून पहिली चार पावलं तिच्यासोबत टाकली. मग हळूच मागे राहिली आणि खाली बसून बघू लागली. फरशीवर गुडघे टेकून, डोळे आईच्या टाचांच्या उंचीवर आणून. इतक्या लक्षपूर्वक कोणी आईच्या पायांकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग तिने आईला भिंतीला हात लावून आधी उजव्या पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. टाच उचलली गेली आणि वर जाता जाता थोडी आत वळली. ती तशी वळावी लागते. डाव्या पायावर आई उचललीच गेली नाही. तिने दोनदा प्रयत्न केला, दात चावून. ३४ वर्षं जिना चढलेली बाई, आणि टाच जमिनीला शिवल्यासारखी.

त्या मुलीने आम्हाला प्लास्टिकचं पाऊल हातात धरून जे समजावलं, ते मला आजही तसंच आठवतं. पावलात २६ हाडं. त्यातल्या टाचेच्या हाडावर टॅलस नावाचं एक हाड बसलेलं असतं, त्याच्यावर नडगी. शरीराचा सगळा भार या टॅलसवरून खाली उतरतो, आणि गंमत म्हणजे त्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो. त्याला स्वतःची ओढ नाही. वरचं आणि खालचं हाड जिकडे नेतील तिकडे ते जातं. त्याच्या खालचा सांधा तिरका आहे. दाराची बिजागरी तिरकी बसवली तर दार उघडताना नुसतं सरकत नाही, वर-खालीही होतं. तसंच इथे टाच कलली की नडगी नुसती कलत नाही, स्वतःभोवती फिरते. टाचेचा तळ बाहेर गेला की नडगी आत वळते, तिच्यामागून गुडघा आत येतो, मग मांडी. आईचा डावा गुडघा गेली दोन वर्षं दुखत होता, त्याचे वेगळे एक्स-रे आम्ही काढले होते.

उभ्या माणसाची टाच मागून पाहिली तर ती थोडी बाहेर कललेलीच असते, पाचेक अंश. तेवढं सगळ्यांचंच. चालताना प्रत्येक पावलाचा साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर जातो आणि ४० टक्के हवेत. जमिनीवरच्या त्या वेळात पाऊल दोन वेगळ्या वस्तूंसारखं वागतं. टेकताना ते धान्याच्या पोत्यासारखं सैल होतं, खड्डा असो, दगड असो, त्यावर बसतं, धक्का पिऊन घेतं. उचलताना तेच पाऊल फळीसारखं ताठ व्हावं लागतं, नाहीतर पुढे ढकलायला जोर कशावर लावणार? सैल करण्याचं आणि ताठ करण्याचं हे काम टाच आत-बाहेर कलण्यातून होतं. पोटरीतून एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, उतरते, आतल्या घोट्याच्या मागून वळसा घेऊन पावलाखाली जाते, कमान उचलून धरते आणि टाचेला परत आत आणते. आईची तीच कंडरा थकली होती, ताणून लांबली होती. पोतं व्हायचं तेवढं होत होतं, फळी होत नव्हती. ठप, आणि मग घस्स. पुढे ढकलता न आलेलं पाऊल ती नुसतं ओढून नेत होती.

चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं, मधुमेह आणि वजन असेल तर आणखी. आधी नुसतं दुखतं आणि सुजतं, टाच अजून सरळ असते. मग टाच ढळते, पण हाताने धरली तर जागेवर येते. शेवटी तिथेच घट्ट होते. आई मधल्या पायरीच्या शेवटाला होती. "जरा आधी आला असतात तर," असं ती मुलगी म्हणाली नाही. तिने एवढंच म्हटलं की सुरुवातीला टाच धरून ठेवणारं इनसोल आणि व्यायाम यांच्यावर पुष्कळांचं भागतं. मला ऐकायचं ते ऐकू आलं.

परतताना बसमध्ये खिडकीशी बसून आईने सांगितलं, आपणहून. १९७४ साल, कणकवलीजवळचं तिच्या वडिलांचं घर, ताजी सारवलेली पडवी. पोहे झाले, शिक्षण विचारून झालं, गाणं येतं का विचारून झालं. मग मुलाकडची एक वयस्कर बाई म्हणाली, "मुली, त्या खांबापर्यंत जरा चालून दाखव." आई २२ वर्षांची, मॅट्रिक होऊन डी.एड. झालेली, गावात पहिली. ती उठली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खांबापर्यंत गेली आणि परत आली. सारवण अजून थोडं ओलं होतं. तिची पावलं त्यावर उमटली आणि ती बाई वाकून तीसुद्धा बघत होती. सपाट पावलाची मुलगी घरात आणू नये म्हणतात, म्हणून. मग तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पायात दोष नाही."

"त्या दिवसानंतर," आई म्हणाली, "मी कोणाच्या पुढे चालले नाही गं. सगळ्यांच्या मागून चालायचे."

माझ्या वडिलांबरोबर ती कायम दोन पावलं मागे असायची. मी ती पद्धत समजत होते, त्या काळातल्या बायका चालायच्या तशी. १९७४ ते २०११, म्हणजे ३७ वर्षं तिच्या चालण्याकडे कोणी पाहिलं नाही. ज्यांनी एकदा पाहिलं त्यांना खोट शोधायची होती. त्यामुळे खरोखर खोट आली तेव्हा ती दाखवायची तिला लाजच वाटली.

या पावलांच्या बाबतीत आपण सगळे फार कठोर आहोत, असं मला वाटतं. दर भाद्रपदात आमच्या चाळीत गौरी येतात तेव्हा आजी मुठीची कड तांदळाच्या पिठात बुडवून दारापासून देवापर्यंत पावलं उमटवायची आणि वर बोटाने पाच ठिपके द्यायची. मुठीची कड उमटली की मधे आपोआप पोकळ राहते. गौरीच्या पावलाला कमान असते. आम्ही मुली न्हाऊन आल्यावर आपली ओली पावलं त्याच्या शेजारी ठेवून बघायचो, आणि जिचं अख्खं पाऊल उमटायचं तिला चिडवायचो. लहान मुलांची पावलं सपाटच असतात, कमान पुढे वाढता वाढता येते, आणि पुष्कळांची मोठेपणीही येत नाही तरी ती माणसं आयुष्यभर न दुखता चालतात, हे आम्हाला कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. जे दुखत नाही त्याच्या मागे लागायचं कारण नसतं. शेजारच्या खोलीत एक मुलगी दोन्ही पावलं आत वळलेली घेऊन जन्माला आली, टाचाही आत आणि वर ओढलेल्या. तेव्हा तिच्या आईला सगळ्यांनी एकच विचारलं: ग्रहणात काही चिरलंस का? बाळंतपणाचे टाके ओले असताना ती बाई दाराआड रडायची. इग्नासिओ पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या आयोवात १९४० च्या दशकाच्या अखेरीस हाताने हळूहळू पाऊल वळवत दर आठवड्याला प्लास्टर बदलायची पद्धत बसवली, त्या पद्धतीने त्या पोरीचे पाय सरळ झाले. काही प्लास्टरं, टाचेमागच्या कंडरेला एक बारीक छेद, आणि मग पट्टीला जोडलेले बूट, पुढे नुसते झोपताना, चार वर्षांची होईपर्यंत. पहिल्यांदा ती गॅलरीत धावली तेव्हा आईने शाळेतून आल्या आल्या तिला उचलून घेतलं होतं, हे मला आठवतं. त्या पोरीच्या टाचा आईने पाहिल्या होत्या.

काकांनी सांगितल्यापासून मी दादरच्या पुलावर लोकांच्या टाचा बघते. जिना चढताना पुढच्या माणसाच्या टाचा बरोबर आपल्या डोळ्यांसमोर येतात. मुंबईत राहून इतकी वर्षं ही जागा मला फुकट गेली होती. मासळीची पाटी घेतलेल्या एका बाईच्या भेगाळलेल्या टाचा इतक्या सरळ पडत होत्या की गर्दीत मी तिच्यामागे मुद्दाम राहिले. एका हवालदाराच्या काळ्या बुटांची हील बाहेरून तिरकी कापल्यासारखी झिजलेली. त्याची टाच आत वळलेली, सगळा भार बाहेरच्या कडेवर. अशी पावलं जन्मभर ताठच राहतात, सैल होत नाहीत, धक्का सरळ वर जातो, आणि घोटा सारखा मुरगळतो. माझ्या मामाचं असंच होतं, आम्ही त्याला धांदरट म्हणायचो. पाठीवर दप्तर घेतलेला एक मुलगा, दोन्ही घोटे आत झुकलेले, तीन-तीन पायऱ्या एकदम चढत गेला. त्याचं काही दुखत नव्हतं. त्याच्या टाचा चवड्यावर येताना छान आत वळत होत्या आणि मला उगाच हायसं वाटलं.

सोल लावलेली सँडल आणायला गेले तेव्हा काकांनी हीलच्या आतल्या बाजूला रबराची एक पातळ पट्टी आपल्या मनाने लावून ठेवली होती, पुढे थोडी वाढवून. "आत पडायची नाही तेवढी," म्हणाले. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस या डॉक्टरांनी (१८३४ ते १८९१) अशीच हील बसवली होती, आतून उंच आणि आतूनच पुढे वाढवलेली. आजही तिला थॉमस हील म्हणतात. त्यांचं घराणं पिढीजात हाडं बसवणाऱ्यांचं, आणि त्यांनी स्वतःच्या दवाखान्यात एक लोहार आणि एक चामड्याचं काम करणारा कारागीर कामाला ठेवला होता. काकांना मी हे सांगितलं. त्यांनी हातातली आरी खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वाढवायचे ते पुढे?" साधारण अर्धा इंच, म्हटलं. त्यांनी माझी सँडल परत घेतली, पट्टीवर बोट ठेवून मोजलं आणि समाधानाने मान हलवली.

त्याच रविवारी लालबागला गेले. आई आता ७३ वर्षांची आहे. डावी टाच घट्ट झाली आहे; घोट्याच्या वरपर्यंत येणारं एक कवच ती बुटात घालते आणि काठी घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन येते. गॅलरीत खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सँडलची गोष्ट सांगितली, हसत, सहज सांगितल्यासारखी. भाजी निवडताना ती सांगायची तशीच. तिने ताट खाली ठेवलं.

"सलवार वर कर," ती म्हणाली. "आणि त्या टोकाच्या नळापर्यंत चालून दाखव."

फरशी ओली होती, कोणाचे तरी कपडे वर ठिबकत होते. मी पाठ करून चालले. नळापर्यंत पंधराएक पावलं असतील. तिची नजर मला टाचांवर जाणवत होती, आणि ऐकू येत होतं की ती माझे पाय नुसते बघत नाहीये, ऐकतेही आहे, कारण खालच्या मुलांना तिने "गप रे जरा" म्हणून गप्प केलं होतं. परत आले तेव्हा ती खुर्चीच्या कडेला सरकली होती. "आता कठड्याला धर. डाव्या एकट्या पायावर उभी राहा, चवड्यावर." चौदा वर्षांपूर्वीची ती चाचणी तिने जशीच्या तशी जपून ठेवली होती. मी कठडा धरला, उजवा पाय उचलला आणि वर गेले. घोट्याच्या आत चरचरलं. मागे आईने काठी टेकून, कण्हत, स्वतःला खाली वाकवलेलं मला ऐकू आलं.

"पुन्हा."

मी पुन्हा वर गेले. तिने तांदळाच्या पिठाने पांढरी झालेली दोन बोटं माझ्या टाचेला लावली, दोन्ही बाजूंनी, आणि मी खाली येईपर्यंत तशीच ठेवली.

"वळतेय अजून आत," आई म्हणाली. "उद्या सकाळी हाजी अलीला जाऊ. मी येते बरोबर."